चाकांवरचें घर आणि वेग

गतवर्षीं आम्ही चिरंजीवांकडे जर्मनींत होतों. सुटींत त्यांनीं मोटारीमागें ‘कॅरॅव्हॅन’, म्हणजे चाकांवरचें घर, जोडलें व ते आम्हां सर्वांस घेऊन निघाले. असें घर जोडलेलें असतां तेथील महामार्गावर सामान्यतः ताशीं ८० किलोमीटरांची मर्यादा असते. नियमांच्या कसोटीस उतरलेल्या जोडगाडीस १०० ची परवानगी मिळते. चिरंजीवांस ती होती. एका उतारावर शंभराच्या वेगांत मागील घर झोके खाऊं लागलें, नातवंडें भेदरलीं. चिरंजीवांनीं चक्र सरळ धरून वेग उतरविला, म्हणून निभावलें.

रात्रीं आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ८० वरून १०० वर जातां तो दीडपटीहून अधिक होतो, आणि इंधनाचा खर्चही चढतो. उलटपक्षीं, दोनशें किलोमीटरांत वांचतो तो अवघा अर्धा तास! तेवढ्यासाठीं नातवंडांचा जीव टांगणीस लावावा काय?

दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं जड सामान घराच्या आंसाजवळ, तळाशीं हलविलें आणि ८० चाच वेग धरला. जास्तींत जास्त किती, तें कायदा सांगतो. योग्य किती, हें वाचकहो, ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.