स्क्रूज आणि वांग्याची भाजी

परवा 'अ ख्रिसमस कॅरल'चा बॅले बघितला, नॉर्दर्न बॅलेने १९९२ मध्ये बसवलेला. डिकन्सची गोष्ट १८४३ची. कंजूष स्क्रूज एका रात्रीत बदलतो आणि गरीब कारकुनाकडे टर्की पाठवतो. सगळ्यांना तेच आठवतं. मला विचाराल तर ते सोपं होतं राव, पैसे टाकले की झालं! अवघड ते पुढचं. पुस्तकात तो भीत भीत भाच्याच्या दारी जातो, जेवायला येऊ का विचारतो.

आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाला ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात, लाखांची पंगत. मी पुण्यातून वर्गणी ऑनलाइन पाठवतो. तीन वर्षं गेलो नाही. आई म्हणते, "पैसे पोचले, तू कधी पोचतो?"

यंदा रजा टाकलीये. मॅनेजर अजून पहिल्या अंकातला स्क्रूज आहे.