डार्विनच्या घरचे टपाल

आलेली पत्रे, बिले, पावत्या तारेच्या आकड्यात ओवून भिंतीला टांगून ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. तार भरली की जुना गठ्ठा काढायचा आणि बंबात घालायचा. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनच्या घरी जवळपास हेच चाले. आलेली पत्रे तो तारेत ओवून ठेवी. साऱ्या तारा भरल्या की काही वर्षांची पत्रे एकदम जाळून टाकी आणि तारा मोकळ्या करून घेई. घरची स्थिती उत्तम होती, पण चार तारा जास्तीच्या आणाव्यात असे काही त्याने केले नाही! त्याला १८६२ पूर्वी आलेली बहुतेक पत्रे अशीच गेली, असे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने नमूद करून ठेवले आहे.

१८४२ मध्ये डार्विन लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला गेला. प्रकृती सदैव नाजूक; चार माणसांत तासभर बोलत बसला तरी रात्र वाईट जाई. तेव्हा जगाशी संबंध राहिला तो टपालाचाच. इंग्लंडात १८४० पासून एका पेनीत पत्र देशभर कुठेही जाऊ लागले होते, ही सोय त्याच्या चांगलीच पथ्यावर पडली. सकाळी दीड तास काम केल्यावर तो दिवाणखान्यात येई आणि टपाल पाही. घरगुती पत्रे सोफ्यावर पडून वाचून घेई. उत्तरे लिहायची वेळ दुपारच्या जेवणानंतरची. शेकोटीजवळच्या मोठ्या खुर्चीच्या हातांवर एक फळी आडवी टाकायची, की झाले टेबल.

ही पत्रे म्हणजे त्याची प्रयोगशाळाच होती. कबुतरे पाळणारे, माळी, शेतकरी, परदेशातले अधिकारी, ज्याला जे ठाऊक असेल ते तो विचारी. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ त्याला हिंदुस्थानातल्या पाळीव जनावरांविषयी लांबलचक पत्रे पाठवी. मद्रासहून वॉल्टर एलियटने कबुतरांची कातडी पाठवली. एखाद्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले तर डार्विनच्या मनाला ते टोचत राही. पिच्छा पुरवणाऱ्या पत्रलेखकांसाठी त्याने एक छापील उत्तर तयार करून घेतले होते. ते मात्र त्याने फारसे कधी वापरलेच नाही.

सर्वांत जास्त पत्रव्यवहार झाला तो वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याच्याशी. दोघांची मिळून सुमारे चौदाशे पत्रे आज उपलब्ध आहेत. प्राणी आणि वनस्पतींच्या जाती कायमच्या ठरलेल्या नसून बदलत जातात, हे डार्विनने भीत भीत सांगितले ते हूकरलाच, जानेवारी १८४४ मध्ये. हे सांगणे म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखे वाटते, असेही त्याने लिहिले. तेव्हा दोघांची ओळख फार जुनी नव्हती. पण माणसाची पारख चुकली नाही.

जून १८५८ मध्ये टर्नेट बेटावरून आल्फ्रेड वॉलेसचे टपाल आले. आत एक निबंध होता आणि त्यात डार्विनने वीस वर्षे मनात घोळवलेलीच कल्पना होती. आपण क्षुद्रपणे वागलो असे कोणाला वाटण्यापेक्षा आपले सारे पुस्तक जाळलेले बरे, असे डार्विनने भूगर्भशास्त्रज्ञ लायेलला कळवले. घरात तर वेगळाच आकांत होता. मुलगी आजारी, आणि दीड वर्षाचा धाकटा चार्ल्स लोहितज्वराने २८ जूनला गेला. अशा स्थितीत, दुसऱ्याच दिवशी, हूकरने मागितलेले कागद डार्विनने नोकराकरवी पाठवले. त्यांत सप्टेंबर १८५७ मध्ये अमेरिकेतल्या एसा ग्रेला लिहिलेल्या पत्राची नक्कल होती. ग्रे हार्वर्डमध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याला डार्विनने आपला विचार थोडक्यात समजावून सांगितला होता. मित्राला सहज लिहिलेले पत्र आता पुरावा म्हणून उपयोगी पडले. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विनच्या जुन्या टिपणातला उतारा, ग्रेच्या पत्रातला भाग आणि वॉलेसचा निबंध एकत्र वाचण्यात आले. लेकराला मूठमाती दिलेला डार्विन तिथे नव्हता आणि हजारो मैलांवरच्या वॉलेसला तर याचा पत्ताही नव्हता.

हूकर आणि डार्विन यांच्या पत्रांत बिया, ऑर्किड, मुलांची दुखणी, पोटाच्या तक्रारी असे सगळेच एका पाकिटातून जाई. डार्विनची लाडकी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची होऊन गेली होती. सप्टेंबर १८६३ मध्ये हूकरची सहा वर्षांची मुलगी वारली. त्यानंतर तासाभरात हूकर पत्र लिहायला बसला, ते डार्विनला. या दुःखात इतर कोणाही मित्रापेक्षा तुझीच आठवण अधिक येते, असे त्याने कळवले. शोक करणाऱ्या बापाला दुसरा बापच हवा होता. तो जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होता की नाही, याला त्या घटकेला काय महत्त्व?

केंब्रिजमध्ये १९७४ साली डार्विनचा पत्रव्यवहार जमवायचे काम सुरू झाले. सुमारे पंधरा हजार पत्रांचे तीस खंड २०२३ मध्ये पुरे झाले. हूकरचे ते पत्र त्यांत आहे, कारण १८६२ नंतर निदान महत्त्वाची पत्रे जपावीत हे डार्विनला पटले होते. वॉलेसचे १८५८ चे पत्र मात्र अजून कुठेही सापडलेले नाही.