भोर-वेल्ह्याला येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगायचं?

आज जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊनच बसा.

आमच्या आळीतला एक पोरगा शिकायला कार्डिफला गेलाय. कार्डिफ म्हणजे वेल्सची राजधानी. परवा त्यानं तिकडं पर्यटकांना वाटतात त्या माहितीपत्रकाचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "काका, हे वाचून आपलं गुंजवणी खोरं आठवलं." म्हटलं, पोराला घरची आठवण येत असणार. पण वाचायला घेतलं आणि गुंतलोच.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ तुकडा. त्याला इंग्लंड म्हटलेलं तिथल्या माणसाला अजिबात खपत नाही. केल्टिक लोकांचा छोटा देश, भाषा वेगळी, वेल्श. २०२१ च्या जनगणनेत ती बोलणारे साडेपाच लाखांच्या आत, तरी रस्त्यावरची पाटी आधी वेल्शमध्ये नाहीतर इंग्रजीच्या जोडीनं तरी असतेच. क्षेत्रफळ साधारण २०,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या सव्वापटीहून थोडं जास्त. लोकवस्ती मात्र ३१ लाख, जिल्ह्याच्या तिसरा हिस्सा. किल्ले सहाशेच्या वर. पाऊस, मेंढरं, धुकं, आणि डोंगरातल्या माणसाचा तो ठरलेला ताठा. आता सांगा, हे वर्णन कुणाचं वाटतं? त्यांचा सर्वात उंच डोंगर १०८५ मीटर. आपला तोरणा १४०० च्या वर. उंचीत तरी आपण भारी पडतो.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याकडं येणाऱ्या पाहुण्याला आपली ओळख कोण करून देतं? रीळवाला करून देतो. 'पुण्यापासून दीड तासात स्वर्ग', त्यावर ड्रोनचा शॉट, खाली फार्महाऊसचा फोन नंबर. संपली ओळख.

आणि हे आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला राजगड आहे. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. (आम्ही अजून 'वेल्ह्याला जाऊन येतो' असंच म्हणतो, जिभेला वळण लागायला एक पिढी जाईल.) गर्दी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. २०११ ला अख्ख्या वेल्हे तालुक्याची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार होती. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी मार्गासनीच्या पुढं गाड्यांची रांग बघितली की वाटतं, तालुक्यात घरवाले कमी आणि पाहुणे जास्त.

म्हणून माझ्या मते ती ओळख आपणच लिहायला पाहिजे. मी लिहिली तर अशी लिहीन.

पाहुण्यांनो, तुम्ही फक्त पिकनिक स्पॉटवर आलेला नाही, एका छोट्या देशात आलाय. इथं प्रत्येक नदीचं खोरं म्हणजे एक मावळ, आणि प्रत्येक मावळाचं घराणं वेगळं. हिरडस मावळ बांदलांचं, रोहिडखोरं कारीच्या जेध्यांचं, गुंजण मावळ शिळिमकरांचं, कानद खोरं मरळांचं. याच माणसांच्या जिवावर राजगड पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी राहिला. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या बघा, पण उतरताना पाल गावात सईबाईंच्या समाधीपाशी दोन मिनिटं थांबा. तिथं फार कुणी थांबत नाही.

भोरला या. हे सचिवांचं संस्थान, ८ मार्च १९४८ ला विलीन झालं. घाटाखालचं सुधागड-पालीसुद्धा भोर संस्थानातच होतं. राजवाडा तुम्ही सिनेमात बघितलेला असणार, फक्त तो भोरचा आहे हे माहीत नसेल. आंबवड्याला नागेश्वराचं देऊळ आहे, संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे, जवळच कान्होजी जेध्यांची समाधी आहे. गर्दी जवळजवळ नाही. हे लिहून मी चूक तर करत नाही ना, असंही वाटतं.

आणि आता धरणं. ही गोष्ट कुठल्याच रीळमध्ये नसते.

भाटघर धरण १९२८ साली झालं, वेळवंडी नदीवर. त्याच्या आधीचं जुनं धरण आजही त्याच्या पोटात बुडालेलं आहे. नव्याला नाव दिलं लॉईड धरण, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्यावरून. आता गंमत बघा. लॉईड हे आडनाव मूळ वेल्श, अर्थ 'करडा'. या गव्हर्नरचं घराणं वेल्समधल्या डोलोब्रान गावचं, आणि पुढं लॉर्ड झाल्यावर पदवीत त्यांनी त्याच गावाचं नाव लावलं. म्हणजे वेल्समधलं एक आडनाव शंभर वर्षांपूर्वीच आपल्या पाण्यावर येऊन बसलं होतं. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. येसाजी भुतोंड्याचे, भुतोंडं त्याच पाण्याच्या काठाला.

वेल्समध्येही अशीच एक गोष्ट घडली. लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या शहराला पाणी पाहिजे होतं, म्हणून १९६५ साली त्रिवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन नावाचं गाव बुडवलं. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, दफनभूमी, सगळं. गावात ६७ माणसं, त्यातल्या ४८ जणांची घरं गेली. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानंही लंडनच्या संसदेत त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं नव्हतं, तरी कायदा झाला. समुद्रकाठच्या रस्त्यावर एका पडक्या भिंतीवर कुणीतरी रंगानं लिहिलं, 'त्रिवेरिन लक्षात ठेवा'. कुणी ती भिंत खराब केली की लोक जाऊन परत रंगवतात. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेनं माफी मागितली.

६७ माणसांच्या गावासाठी माफी! आपली किती गावं? भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. पाच धरणं मिळून साठ टीएमसीच्या वर पाणी या दोन तालुक्यांच्या कुशीत साठतं. नीरेचं पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला जातं. पानशेत-वरसगावचं पुण्याच्या नळाला. जाऊ दे की, तिथंही माणसंच राहतात, ऊसवाल्यांशी माझं भांडण नाही. पण एप्रिल-मे मध्ये धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्या-वस्त्यांवर बायका डोक्यावर हंडा घेऊन चालतात आणि खाली डोळ्यासमोर निळंशार पाणी दिसत असतं. बातमी मी पहिल्यांदा छापली तेव्हा पंचविशीत होतो. आता चाळिशी ओलांडली, बातमीतलं फक्त साल बदलतो.

पाहुण्यानं हे का वाचावं? कारण तो ज्या बॅकवॉटरला तंबू टाकतो, ते कुणाचं तरी शिवार आहे. पाणी वरून शांत दिसतं, खाली जुने बांध आणि खड्डे आहेत. २०२२ च्या मे महिन्यात एकाच घरातल्या पाच जणी भाटघरच्या पाण्यात गेल्या. त्या दिवशी वार्तांकनाला गेलो होतो, परत आल्यावर दोन ओळीसुद्धा लिहवल्या नाहीत.

आता वेल्सकडून घेण्यासारखं काय? फोटो काढण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला दोन गोष्टी आवडल्या. एक, त्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याच्या मुख्य पार्किंगमध्ये हंगामात आधी जागा राखून ठेवल्याशिवाय गाडी लावता येत नाही. गाडी खालच्या गावात लावा आणि बसनं वर या. आपल्याकडं नसरापूर किंवा मार्गासनीला गाड्या अडवून शनिवार-रविवार एसटीच्या मिनीबस गुंजवण्यापर्यंत सोडायला काय हरकत आहे? पार्किंगचा पैसा ग्रामपंचायतीला, जीपवाल्या पोरांना काम, आणि वेल्ह्यातून निघालेली रुग्णवाहिका रांगेत अडकणार नाही. मागच्या पावसाळ्यात एक बाळंतीण अशीच पाऊण तास जीपमध्ये अडकली होती, मी मागच्याच गाडीत होतो. सुखरूप सुटली हे तिचं नशीब.

दुसरी गोष्ट जास्त झोंबणारी आहे. तिथं शहरवाले सुट्टीपुरती घरं घेतात, किमती वाढतात, गावच्या पोरांना घर परवडत नाही. म्हणून २०२३ पासून तिथल्या स्थानिक संस्थांना अशा दुसऱ्या घरावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा घरपट्टी लावायची मुभा आहे. ग्विनेथ नावाच्या परिसरात, जिथं तो मोठा डोंगर आहे, १५० टक्के जादा लावतात. आपल्याकडं फार्महाऊसवाल्याची घरपट्टी किती, आणि शेजारच्या कौलारू घराची किती? ग्रामसभेत विचारा एकदा.

इथं काही जण म्हणतील, पत्रकार उगाच पर्यटनाच्या मुळावर उठलाय. तसं नाही हो. गडावर ताक आणि पिठलं-भाकरी विकणाऱ्या मावशींचं घर या गर्दीवरच चालतं, मला माहीत आहे. जमिनी विकल्या त्यात आपलाही हात आहे, हेही मान्य. गुंठ्याचा भाव ऐकून आपणच सातबारा काढायला धावलो. पण विकायला जे उरलंय ते आणखी किती वर्षं पुरणार, हा हिशेब कुणी मांडलाय का?

भाटघरच्या पाण्यात कांबरेश्वराचं जुनं देऊळ आहे. वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दोनेक महिने वर येतं. कापेल केलिनच्या भिंतीसुद्धा मोठ्या दुष्काळात अशाच वर दिसतात म्हणे. या मे महिन्यात मी कांबऱ्याला जाणार आहे, वही घेऊन. ज्यांच्या आजा-पणजाची गावठाणं पाण्याखाली गेली, त्यांनी गावाचं जुनं नाव, देवाचं नाव आणि कुठं उठून गेले एवढं खाली लिहा किंवा मला फोन करा. पाहुण्यांसाठीच्या पत्रकात पहिल्या पानावर तीच यादी टाकायची आहे.