रात्रीचे शहर आणि दवाखान्याच्या भिंती

मध्यरात्रीनंतरचे शहर फार थोड्यांच्या वाट्याला येते: गस्तीचा शिपाई, रेल्वेचा कर्मचारी, रात्रपाळीचा खाणकामगार आणि निरोप येताच घराबाहेर पडलेला डॉक्टर. बंद दुकानांच्या ओळी, एका दिव्यावर उरलेला चौक, रुग्णालयाच्या दाराशी चादर पांघरून बसलेले नातलग, हे बालाघाट आपण डॉक्टरमंडळी नित्य पाहतो. ते चित्रात उतरावे आणि त्यासाठी आपणच पुढाकार घ्यावा, असे मला आग्रहाने वाटते.

रात्रीचे शहर हा चित्रकलेचा जुना विषय आहे. जपानी चित्रकार हिरोशिगे याने १८५६ मध्ये एदो, म्हणजे आजच्या टोकियोतील, नाटकगृहांचा रस्ता पौर्णिमेच्या चांदण्यात रंगवला. लाकडी ठशांनी छापलेल्या त्या चित्रात माणसांच्या सावल्याही उमटल्या आहेत. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर याच्या १९२१ सालच्या ‘नाइट शॅडोज’ या एचिंगमध्ये तर एक ओस रस्ता, एकटा चालणारा माणूस आणि खांबाची आडवी सावली, एवढेच आहे. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन सुईने रेघा ओढतात, पत्रा आम्लात बुडवतात आणि खाचांत शाई भरून कागदावर छाप घेतात. काळोख शाईचा असतो, उजेड मात्र कोऱ्या राखलेल्या कागदाचा. क्ष-किरण फिल्मच्या काळ्यापांढऱ्यातून निदान शोधणाऱ्या डोळ्यांना ही भाषा परकी वाटू नये.

‘हा आपला प्रांत नव्हे’, असे कोणी म्हणेल. डॉ. सुधीर पटवर्धन यांनी १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि त्याच काळात ठाणे, उल्हासनगर, लोअर परळ येथील सामान्य वस्ती कॅनव्हासवर आणली. मुंबईचे डॉ. गीव्ह पटेल (१९४०-२०२३) हेही व्यवसाय सांभाळून लॅमिंग्टन रोडच्या परिसराची चित्रे रंगवीत. दोघांनीही रोजच्या पाहण्यातले शहरच चित्रासाठी निवडले.

आपण सर्वांनी कुंचला हाती घ्यावा, असे नाही. पण आपल्या प्रतीक्षाकक्षांकडे पाहावे. तेथे औषध कंपन्यांची कॅलेंडरे आणि परदेशी हिमशिखरे टांगलेली असतात. २०१५ मध्ये जबलपूर-बालाघाट मार्गावरची छोटी गाडी बंद झाली. तिचे एखादे चित्र आपल्यापैकी किती जणांच्या भिंतीवर आहे? वैनगंगेचा रात्रीचा घाट, भरवेलीच्या खाणीवरची पाळी, बसस्थानकावरची चहाची टपरी यांचेही उद्या असेच होईल.

मुद्राचित्राची एक मोठी सोय आहे. एकाच पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, प्रत्येकीवर क्रमांक व स्वाक्षरी असते आणि प्रत्येक प्रत अस्सल मानली जाते. त्यामुळे ते तैलचित्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. भोपाळच्या भारत भवनात, नागपुरात वा आपल्याच जिल्ह्यात घडलेल्या एखाद्या तरुण कलावंताकडून संस्थेने ‘रात्रीचे बालाघाट’ करवून घ्यावे. प्रत्येक सभासदाने एक प्रत विकत घ्यावी आणि एक जिल्हा रुग्णालयाला द्यावी. गावात गिऱ्हाईक नसले की कलावंत गाव सोडतो, आणि त्याच्याबरोबर गावाकडे पाहणारी नजरही जाते.

रात्रभर बाकावर जागणाऱ्या नातलगाला समोरच्या भिंतीवर आपलाच चौक, आपलाच दिवा दिसला, तर त्याचे दुःख हलके होईल असा दावा मी करणार नाही. पण आपले गावही पाहण्याजोगे आहे, एवढे त्याला नक्की कळेल.