पाय घासायची वज्री आणि नऊवारीपेक्षा लांब जंत



संग्रहालय म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. शाळेची सहल, दोन-दोनची रांग, ‘काचेला हात लावू नका रे’ म्हणून ओरडणारे सर, नाक तुटलेल्या मूर्ती आणि डोक्यात एकच विचार, की डबा कधी खायचा! माझंही तेच व्हायचं. सहावीच्या सहलीत मी मूर्तींपेक्षा जास्त वेळ फाटकाबाहेरच्या पेरूवाल्याकडे पाहत होतो.

म्हणून या आठवड्यात मी तुम्हाला जरा वेगळ्या संग्रहालयांत नेणार आहे. इथे काय काय आहे? पाय घासायच्या वस्तू आहेत, संडास आहेत, खराखुरा मेंदू आहे आणि चक्क जंतसुद्धा आहेत! आईबाबांनो, नाकाला रुमाल लावू नका, तुम्हीही चला.

सुरुवात घरापासून करू. पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या जवळ ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ आहे. नाव ऐकून वाटतं, कुठल्या तरी संस्थानच्या राजाचा हा खजिना असणार. पण हा राजा कुठल्याच गादीवरचा नव्हता. दिनकर गंगाधर केळकर यांच्या लहानग्या मुलाचं नाव राजा. तो सातव्या वर्षी वारला. म्हणजे दुसरी-तिसरीतला मुलगा! बाप जमवलेल्या वस्तूंना स्वतःचं नाव देऊ शकला असता. त्याने आधी मुलाचं नाव लावलं आणि मागे आपलं. आज लाखो लोक ते नाव घेतात, आणि त्यातल्या कितीजणांना ठाऊक असतं की आपण एका छोट्या मुलाला हाक मारतोय?

केळकर कवी होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमाराला त्यांना जुन्या वस्तू गोळा करायचा नाद लागला आणि तो आयुष्यभर सुटला नाही. जुने वाडे पडत होते, जुन्या घराण्यांतल्या वस्तू विकायला निघत होत्या. केळकर गावोगाव हिंडत, आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. बरं, जमवलं काय? तर दिवे, कुलपं, दौती, फण्या, पानाचे डबे, हुक्के, खेळायच्या सोंगट्या, वाद्यं. थोडक्यात, घरात जे रोज हाताळलं जातं आणि म्हणूनच ज्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही ते सगळं.

त्यातलं एक कपाट मला फार आवडतं. ते वज्रीचं. वज्री म्हणजे काय, हे आजीला विचारा. न्हाताना टाचा घासायची ही वस्तू. खालची बाजू खरखरीत असते. पण वरची बाजू पाहा! कुणी त्यावर मोर बसवलाय, कुणी हत्ती, कुणी घोडेस्वार. अहो, पायाच्या भेगांचा मळ काढायची वस्तू ती! न्हाणीघरात, अंधारात, एकटी बाई टाच घासणार. तिच्या हातात मोर असला काय आणि नसला काय, कोण पाहणार होतं? पण त्या कारागिराला वाटलं, असावा. मला तर तिथल्या मस्तानी महालापेक्षाही ही वज्री मोठी वाटते. (मस्तानी महालही पाहाच. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचा हा भाग केळकरांनी उचलून आणला आणि इथे पुन्हा जोडला. आणि माशाचे खवले व मगरीची कातडी वापरून केलेलं चिलखतही शोधा. ते सापडलं की तुमचा धाकटा भाऊ पुढचा अर्धा तास हलत नाही.)

आणि अडकित्ते! आता इथे मला माझी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझ्या आजीकडे पितळेचा एक अडकित्ता होता, पोपटाच्या आकाराचा. आजी सुपारी कातरायला लागली की पोपट चोच उघडायचा, मिटायचा. मी तिच्या मांडीशी बसून त्या पोपटाशी गप्पा मारायचो. आजी गेल्यावर दोन वर्षांनी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. जुनी पितळ सगळी मोडीत काढली. पातेली, तांबे, एक फुटकी समई, आणि त्या ढिगात पोपट. तराजूत तो गेला तेव्हा मी तिथेच उभा होतो. पाहिलंही. पण बोललो नाही, कारण आलेल्या पैशांतून क्रिकेटची बॅट मिळणार होती.

मोठा झाल्यावर केळकर संग्रहालयात गेलो आणि अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभा राहिलो. एकापेक्षा एक सुंदर अडकित्ते, जोडीचे, घोड्यांचे, पक्ष्यांचे. मी आपला पोपट शोधतोय! तो कसा मिळणार? तो कधीच वितळला. आणि बॅट? तीही दुसऱ्याच हंगामात मोडली.

१९६० सालापर्यंत केळकरांकडे पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमल्या होत्या. १९६२मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि १९७५मध्ये त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. केळकर १९९०मध्ये गेले. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. पण मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार. म्हणजे तुम्ही पाहता त्या आठातल्या एक, बाकीच्या सात आतल्या खोल्यांत झोपलेल्या! तरीसुद्धा अडीच हजार म्हणजे खूप झाल्या. एका दमात सगळं पाहायला जाऊ नका, पाय दुखतात आणि काहीच लक्षात राहत नाही. एकच कपाट ठरवा. नुसती कुलपं पाहा, किंवा नुसते दिवे. घरी येऊन त्यातल्या एकाचं चित्र काढून बघा. मग कळतं, आपण किती पाहिलं आणि किती पाहिल्यासारखं केलं.

आता दिल्लीला जाऊ. कुतुबमिनार, लाल किल्ला सगळेच पाहतात. आपण पालम भागात जायचं. तिथे आहे संडासांचं संग्रहालय! हसलात? खुशाल हसा. तिथे येणारा प्रत्येक माणूस आधी हसतोच.

‘सुलभ इंटरनॅशनल’ या संस्थेचं हे संग्रहालय १९९२मध्ये डॉ. बिंदेश्वर पाठक यांनी उभं केलं. रस्त्यावर, स्टँडवर ‘सुलभ शौचालय’ अशी पाटी वाचता ना, तीच ही संस्था. साडेचार हजार वर्षांपूर्वी हडप्पा संस्कृतीत घरोघरी सांडपाण्याची सोय कशी होती, इथपासून माहिती सुरू होते. फ्रान्सचा चौदावा लुई हा राजा म्हणे दरबारी मंडळींशी बोलता बोलताच शौचाला बसे. त्याच्या त्या सिंहासनाची नक्कल इथे आहे! जाडजूड पुस्तकांच्या गठ्ठ्यासारखं दिसणारं एक फ्रेंच शौचपात्रही आहे. इंग्लंडमध्ये १५९६ साली सर जॉन हॅरिंग्टन याने पाणी सोडून साफ होणारा संडास कसा करावा ते लिहून ठेवलं, पण लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे दोनशे वर्षं लोक आपली भांडीच वापरत राहिले.

इथपर्यंत मजा आहे. पण पाठकांनी हे संग्रहालय हसवण्यासाठी काढलं नव्हतं. ते बिहारमधल्या एका ब्राह्मण घरातले. लहानपणी त्यांनी मैला वाहणाऱ्या बाईला हात लावून पाहिला, कारण सगळे तिला शिवू नको म्हणत होते. का बरं म्हणतात, हे त्यांना बघायचं होतं. झालं! आजीने घर डोक्यावर घेतलं. शुद्धीसाठी नातवाला शेण, गोमूत्र आणि गंगाजल प्यायला लावलं. ही हकिगत ते पुढे स्वतःच सांगत. मला विचाराल तर त्या दिवशी शेण गिळलेल्या मुलापेक्षा ती बाई जास्त डोळ्यांसमोर येते. ती उद्या पुन्हा त्याच दारात, तीच टोपली घेऊन येणार होती.

तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गावात ‘टोपलीचे संडास’ होते का. खाली टोपली किंवा डबा ठेवलेला, आणि तो रोज कुणीतरी डोक्यावरून वाहून न्यायचा. ते ‘कुणीतरी’ नेहमी ठरावीक जातीतलेच. आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धन नावाचा माणूस होऊन गेला. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना ‘मला भंगीकाम करू द्या’ म्हणून तो १९३२मध्ये अडून बसला. ही जात उच्च, तिने ते काम करायचं नाही, असं तुरुंगवाल्यांचं म्हणणं. त्यासाठी अप्पांनी अन्न सोडलं आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपास आरंभला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढून अप्पांनी मैल्याचं खत करायचे सोपे संडास बांधले.

पाठकांची युक्तीही तशीच साधी. संडासाला एक खड्डा नाही, दोन खड्डे. तांब्या-दोन तांब्या पाण्यात मैला एका खड्ड्यात जातो. तो भरला की नाली अडवून दुसऱ्याकडे वळवायची. दुसरा भरेपर्यंत दोनेक वर्षं जातात. तोवर पहिल्या खड्ड्यातलं पाणी जमिनीत मुरतं, वास जातो, आणि उरतं ते कोरडं खत. फावड्याने काढा आणि शेतात घाला. ना टोपली, ना ती वाहणारी बाई!

माणसाला मैला वाहायला लावायचं नाही, असा कायदा १९९३मध्ये झाला, त्याहून कडक २०१३मध्ये. पाठक २०२३मध्ये वारले. पण गटारात उतरलेले कामगार गुदमरून मेले, ही बातमी वर्तमानपत्रात अजूनही येते. कोपऱ्यात येते. शोधावी लागते.

बाकीच्या ठिकाणी आता भरभर जाऊ, जागा संपत आली.

गोव्यात मडगावजवळ बाणावलीला ‘गोवा चित्र’ आहे. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी नांगर, मापं, रांजण, उसाचा रस काढायचा भलामोठा लाकडी चरक अशी शेतकरी-कारागिरांची चार हजारांवर अवजारं जमवली आणि २००९मध्ये संग्रहालय उघडलं. इमारतही पाडलेल्या जुन्या घरांच्या दारं-खिडक्या-खांबांतून उभी केलेली. समुद्रावर पाय भिजवून झाले की दोन तास इथे द्या.

बंगळूरला निम्हान्स या रुग्णालयात मेंदूंचं संग्रहालय आहे. घरच्यांच्या परवानगीने मिळालेले माणसांचे मेंदू तिथे बरण्यांत जपून ठेवले आहेत, आणि हातमोजे घालून एक मेंदू हातातही घेता येतो. वजन साधारण सव्वा ते दीड किलो. गणिताच्या पेपरात बंद पडतो तो हाच!

आणि शेवटचं टोकियोचं. (हा भाग जेवता जेवता वाचू नये.) तिथे मेगुरो भागात १९५३पासून फक्त परजीवींचं संग्रहालय आहे. म्हणजे दुसऱ्याच्या अंगात फुकट राहून जेवणारे जीव! डॉ. सातोरू कामेगाई यांनी ते सुरू केलं. तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे एका माणसाच्या पोटातून निघालेला ८.८ मीटर लांबीचा पट्टकृमी. त्या गृहस्थाने कच्चा ट्राउट मासा खाल्ला होता. ८.८ मीटर म्हणजे किती? तर आजीचं नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे लुगडं संपलं तरी जंत शिल्लकच! जंताशेजारी तेवढ्याच लांबीची एक फीत टांगून ठेवलीय. ती हातात धरून, उलगडून बघायची. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. या डॉक्टरांना मी मानतो. ‘कच्चं खाताना जपा’ असं शंभरदा सांगण्यापेक्षा त्यांनी एक फीत टांगली.

टोकियो लांब आहे, दिल्लीलाही सुट्टी लागते. तेव्हा या रविवारी घरचा माळा. शिडी बाबांना धरायला सांगा. ज्या वस्तूचं नाव तुम्हाला ठाऊक नाही अशी एकच वस्तू खाली काढा, चिंच लावून घासा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. ते काय बोलतात ते लिहून काढा. वस्तूचं नाव, ती कशाला वापरायचे, कुणाची होती. सोबत चित्र काढून आमच्याकडे पाठवा. वजन मात्र लिहू नका, ते भंगारवाला विचारतो.

आणि पोपटाच्या आकाराचा अडकित्ता सापडला कुणाला, तर आधी मला कळवा.