डोळ्याचा दात आणि डोळ्यांची काळजी



‘वरचा सुळा म्हणजे डोळ्याचा दात, तो काढला की नजर जाते’ ही समजूत आपल्या लोणावळा-तळेगावकडच्या घरांत अजून ऐकू येते. या भीतीने कितीतरी जणी किडलेला दात वर्षानुवर्षे तोंडात ठेवतात. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. वरच्या दाताची कळ डोळ्यापर्यंत जाते, पण दात काढल्याने दृष्टी जात नाही. उलट सडक्या दाताचा पू क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरतो, धोका तिथे आहे.

मग हिरड्यांचा आणि डोळ्यांचा संबंधच नाही का? आहे, तो मधुमेहातून. साखर वाढलेली राहिली की हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात. तीच साखर डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते. हिरडी निदान रक्त तरी दाखवते. पडद्याचं नुकसान सुरुवातीला दुखत नाही आणि कळतही नाही. शिवाय हिरड्यांतला जंतुसंसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांमुळेच काचबिंदू होतो, असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. तसल्या मेसेजने घाबरू नका.

माझं स्पष्ट मत आहे, की हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जावंच आणि साखरही तपासावी. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणजे पडद्याची काळजी मिटली असं नाही.

घरात नातीच्या दातांना तारा लावायला पैसे निघतात. आजीच्या हिरड्यांचा विषय निघाला की ‘आता वय झालं’. हा हिशेब मला पटत नाही.

चौविहार करणाऱ्यांनी सूर्यास्ताआधी शेवटचं पाणी पिण्यापूर्वी दात नीट घासावेत, म्हणजे रात्रभर तोंडात अन्नाचे कण राहत नाहीत. दुकानात बसून दिवसभर चिक्कीचे तुकडे चघळणं सोडावं.

धान्य निवडताना किडा दिसला पाहिजे, चालताना पायाखालची मुंगी दिसली पाहिजे. नजर अधू झाली तर जयणा कशी पाळणार? म्हणून यंदा पर्युषणाच्या तयारीआधी दात, साखर आणि पडदा या तिन्ही तपासण्या करून घ्या. सासूबाईंनाही सोबत न्या.