बदली बॅटरीची हमी

नळदुर्गच्या एका वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत मोटार एकच. वृद्ध मातोश्रींना तिच्यांतूनच सुमारें ४५ किलोमीटरवरील सोलापुरास तपासणीसाठीं न्यावें लागतें. मोटारीस ३६ अधिक २४ महिन्यांच्या हमीची बॅटरी घातली. ती २० व्या महिन्यांत बिघडली, तेव्हां दुकानदारानें विनामूल्य दुसरी दिली. ही दुसरी १८ महिन्यांनीं, ऐन वैशाखांत निकामी झाली आणि मातोश्रींची तपासणी चुकली. आतां दुकानदार म्हणतो, "विनामूल्य मुदत संपली, फक्त सूट मिळेल." बॅटरी अवघ्या दीड वर्षाची असतां ही लबाडी नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मतें ही लबाडी नव्हे. पण विक्रीच्या वेळीं ही गोष्ट कोणी समजावून सांगत नाहीं, हेंहि खरें. हमी असते ती पहिल्या खरेदीस. बदली बॅटरीस बहुधा तिची उरलेली मुदत तेवढी लाभते. २० व्या महिन्यांत मिळालेल्या बॅटरीस विनामूल्य बदलाचे १६ महिनेच उरले होते. पुढचे २४ महिने केवळ सवलतीचे.

आणि ही सवलतहि नीट तपासावी. ती छापील किमतीवर मोजतात, आणि छापील किमतीस बॅटरी बाजारांत क्वचितच विकली जाते. समजा, छापील किंमत ८,००० रुपये व सूट शेंकडा २५. म्हणजे द्यावयाचे ६,०००, शिवाय जुनी बॅटरी जमा. तीच बॅटरी जुनी मोडींत देऊन बाजारांत ६,२०० ला मिळत असेल, तर हमीचा लाभ अवघा २०० रुपये! म्हणून आधीं दोन दुकानीं भाव विचारावा, आणि सवलतीनें घेतलेल्या बॅटरीस पूर्ण नवी हमी आहे कीं नाहीं, हें लिहून घ्यावें.

लागोपाठ दोन बॅटऱ्या गेल्या, तेव्हां आमचा संशय थोडा मोटारीवरहि आहे. इंजिन चालू असतां बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसावे. न दिसल्यास दोष आल्टरनेटरचा, आणि त्यास बॅटरीची हमी लागू नाहीं. केवळ उतरलेली बॅटरीहि दोषी ठरत नाहीं; ती चार्ज करून परत देतात. नळदुर्गचा उन्हाळा तर ४० अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेनें बॅटरींतील पाणी उडतें, शिशाच्या जाळ्या लवकर झिजतात. हमीपत्र मात्र नळदुर्ग व महाबळेश्वर यांत भेद करीत नाहीं.

खंडोबाची मूर्ति नळदुर्ग व अणदूर या दोन गांवीं आळीपाळीनें राहते, आणि देवास नेतांना मानकरी लेखी करार करितात. जेथें देवाच्या मुक्कामाचाहि कागद होतो, तेथें बदली बॅटरीचा क्रमांक, तारीख व उरलेली मुदत हमीपत्रावर शिक्क्यासह लिहून मागण्यांत संकोच कसला?

मुदतींत असूनहि दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढें, म्हणजे नळदुर्गकरांस धाराशिव येथें, दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाहीं. या गृहस्थांस त्या वाटेचें कारण दिसत नाहीं. आल्टरनेटर तपासून, मातोश्रींची पुढची तारीख येण्यापूर्वीं त्यांनीं नवी बॅटरी बसवून घ्यावी.